जातिवंत शिंगराला गिऱ्हाईक कसे मिळते?

आरोग्य आणि अर्थकारणाच्या या पानावर घोडा कुठून आला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु ओमानमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी काहींना आज ना उद्या हा विषय भेटतोच. ऑफिसातील ओमानी सहकाऱ्याच्या घरी अरबी घोडे असतात. एखादा ओळखीचा गृहस्थ "चांगल्या वंशाचे शिंगरू आहे, चौघांत घेऊ, दोन वर्षांत दामदुप्पट" असे सुचवतो. गावाकडे चुलत्याने हौसेने पाळलेल्या घोडीला शिंगरू होते आणि ते विकायचे असते. या सर्वांना एकच गोष्ट आधी समजून घेणे आवश्यक आहे. वंशावळ कागदावर कितीही उत्तम असली तरी किंमत गिऱ्हाईक ठरवते, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत घोडा रोज खातो.

माझे काम संगणकाचे आहे. या विषयाकडे वळलो ते बरकाजवळच्या एका ओमानी सहकाऱ्यामुळे. त्याच्या वडिलांकडे दोन वर्षांचा नर अरबी घोडा होता. पणजोबा नावाजलेला, म्हणून किंमतही त्या नावाला साजेशी सांगितली होती. वर्ष गेले, पाहुणे येऊन खजूर-काहवा घेऊन गेले, सौदा मात्र होईना. मुलीच्या कॉलेजची फी जवळ आली, तेव्हा आम्ही दोघांनी बसून एक तक्ता मांडला. त्यातून जे कळले ते इथे क्रमाने देत आहे.

जुना व्यापार, जुनाच प्रश्न

ओमान आणि आपला पश्चिम किनारा यांच्यातील घोड्यांचा व्यापार फार जुना आहे. सूरजवळच्या कल्हात बंदरातून भारतात घोडे जात, याची नोंद तेराव्या शतकात मार्को पोलोने केली. त्या कल्हातचे अवशेष २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या बंदराकडे वळवला आणि त्यावरच्या जकातीतून मोठे उत्पन्न मिळवले.

त्या काळचा एक पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नाव नुनिश याने लिहून ठेवले आहे की विजयनगरचा राजा नरसिंह समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे देई. व्यापाऱ्याने त्याची शेपटी आणून दाखवली की पुरे. म्हणजे प्रवासातील जोखीम राजाने स्वतःकडे घेतली होती. मराठ्यांच्या फौजेतही हाच विचार दिसतो. बारगिराचा घोडा सरकारी, तो मेला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, नुकसानही त्याचेच. शिंगरात भागीदारी घेणारा माणूस शिलेदार होतो, हे त्याने ध्यानात ठेवावे.

गिऱ्हाईक कामानुसार शोधा

"घोडा विकणे आहे" एवढे सांगून भागत नाही. घेणारा त्याचे काय करणार, हे आधी ठरवावे लागते.

१) शर्यत : ओमानमध्ये हिवाळी हंगामात शर्यती होतात. बरक्यातील अल रहबा रेसकोर्स त्यासाठी प्रसिद्ध आहे. हा गिऱ्हाईक वंशावळ पाहतो, पण त्याहून बारकाईने आई आणि सख्खी भावंडे किती धावली हे पाहतो. प्रसिद्ध पणजोबाचा वाटा रक्तात सरासरी आठवा हिस्साच असतो. आईचा निम्मा.

२) सौंदर्य स्पर्धा : इथे डोके, मान, शेपटीची ठेवण आणि चाल यांना महत्त्व. लहान वयातही भाग घेता येतो, म्हणून निर्णय लवकर होतो.

३) लांब पल्ल्याची दौड : यात घोडा पक्क्या वयाचा लागतो. शिंगरू घेणाऱ्याला काही वर्षे थांबावे लागते, त्यामुळे तो भाव कमी देतो.

४) पैदास : मादीला मागणी जास्त. एका नरावर पुष्कळ घोड्या फळवता येतात, म्हणून पैदाशीसाठी थोडेच नर लागतात. बाकीचे स्वारीसाठी जातात.

५) स्वारी आणि अर्धा : घोडे व उंटांचा अर्धा हा ओमानी प्रकार २०१८ साली युनेस्कोच्या यादीत नोंदला गेला. समारंभात उतरणाऱ्या कुटुंबांना देखणा, गर्दीला न बुजणारा घोडा हवा असतो. इथे स्वभावाला किंमत आहे.

आमच्या सहकाऱ्याचा घोडा शर्यतीचा म्हणून सांगितला जात होता, पण त्याची आई कधी धावलीच नव्हती. मात्र तो अंगाने देखणा आणि शांत होता. म्हणजे गिऱ्हाईक पाचव्या गटातले होते आणि आम्ही शोधत होतो पहिल्या गटात.

आरोग्याचे कागद

अरबी घोड्याची नोंद मान्यताप्राप्त स्टडबुकात असावी. पासपोर्ट, मायक्रोचिप आणि आईवडिलांची डीएनए खात्री हे तीन कागद नसतील तर "जातिवंत" हा शब्द तोंडीच राहतो. भारतात थरोब्रेडची अशी नोंद पुण्याची स्टडबुक संस्था ठेवते.

अरबी वंशात काही आनुवंशिक आजार आढळतात. त्यांपैकी एकात (एससीआयडी) शिंगराला प्रतिकारशक्तीच नसते आणि ते काही महिन्यांत दगावते. दोष लपून वाहणारे नर-मादी दिसायला अगदी निरोगी असतात, पण असे दोघे एकत्र आले तर प्रत्येक वेळी आजारी शिंगरू होण्याची शक्यता २५ टक्के असते. चाचणी केसांवरून किंवा रक्तावरून होते. निकाल जवळ ठेवला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

खरेदीपूर्वी हृदय, डोळे, श्वास आणि पाय यांची तपासणी व्हावी, गरजेप्रमाणे क्ष-किरण फोटो काढावेत. डॉक्टर घेणाऱ्याच्या पसंतीचा असावा. दोन वर्षांच्या घोड्याची हाडे अजून पक्की होत असतात. तेव्हा गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी त्याला जोरात पळवू नये. मोकळी चाल, दुडकी आणि पाय उचलू देण्याची सवय एवढे दाखवले तरी जाणकाराला कळते.

थांबण्याची किंमत

चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण आठ किलो सुका चारा व खुराक लागतो. शिवाय लसूणघास, पाणी, मोतद्दाराचा पगार, नालबंद, लस, जंताचे औषध. उन्हाळ्यात पंखे आणि सावली वेगळी. आकडे ठिकाणानुसार बदलतील, उदाहरणादाखल हिशेब असा मांडू :

समजा मागणी ३,००० रियालची आहे आणि आज हातात २,२०० रियाल देणारा उभा आहे. महिन्याचा खर्च १२० रियाल. आठ महिने थांबून पुरते ३,००० मिळाले तरी त्यातून ९६० वजा होतात. हाती राहतात २,०४०, म्हणजे आजच्यापेक्षा १६० कमी. मधल्या काळात पोटशूळ किंवा पायाची दुखापत झाली तर तेवढेही नाहीत.

हा तक्ता पाहून सहकाऱ्याचे वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाव माझ्या घोड्याचे आहे, त्याच्या पणजोबाचे नाही." पुढे अर्ध्यात उतरणाऱ्या एका कुटुंबाने घोडा नेला. भाव मागणीपेक्षा कमी आला, पण फी वेळेवर भरली गेली आणि घोडाही चांगल्या घरी पडला.

गिऱ्हाईक भेटते कुठे?

ओमानात बहुतेक सौदे ओळखीतून होतात. प्रशिक्षक, पशुवैद्य आणि नालबंद यांना कोणाकडे कोणती जागा रिकामी आहे हे माहीत असते. दलालाची टक्केवारी आधीच ठरवून घ्यावी.

महाराष्ट्रात दोन मोठी ठिकाणे आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तिथे मारवाडी, काठेवाडी घोडे येतात आणि गिऱ्हाईक देवमण, पंचकल्याणी अशा खुणा व रेवाल चाल पाहतात. शर्यतीच्या थरोब्रेडचा बाजार वेगळा. पुणे परिसरातील स्टड फार्मची शिंगरे दोन वर्षांची झाली की लिलावाने किंवा थेट विकली जातात. मालक म्हणून टर्फ क्लबची मान्यताही लागते. एका बाजारातला घोडा दुसऱ्या बाजारात नेऊन किंमत येत नाही. ओमानमधून घोडा भारतात नेण्याचा विचार करणाऱ्यांनी आयात परवाना, रक्तचाचण्या आणि विलगीकरण यांची चौकशी दोन्हीकडच्या पशुवैद्यकीय खात्यांत आधी करावी.

पैसे देण्यापूर्वी

• फोटो किंवा चित्रफीत पाहून आगाऊ रक्कम पाठवू नये. चिप आणि पासपोर्ट स्वतः किंवा विश्वासू माणसाकडून जुळवून घ्यावेत.

• भागीदारी लेखी असावी. मासिक खर्च कोण देणार, एकाने हात आखडला तर काय, विक्रीचा निर्णय किती मतांनी, हे त्यात असावे.

• घोडा मेल्यास जोखीम कोणत्या क्षणापासून कोणाची, हे करारात लिहावे आणि विमा त्या क्षणापासून सुरू व्हावा.

• पैसे पूर्ण मिळाल्यावरच घोडा हलवावा आणि मालकीबदल स्टडबुकात नोंदवावा.

• नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी नियमित खरेदी-विक्रीत पडण्यापूर्वी व्यापारी नोंदणीचे नियम विचारून घ्यावेत.

हौस म्हणून घोडा ठेवायचा असेल तर जरूर ठेवावा. त्याच्यासारखा सोबती नाही. मात्र तो गुंतवणूक म्हणून कोणी पुढे केला, तर "याचा बाप कोण" याच्या आधी "हा उद्या घेणार कोण, आणि कशासाठी" एवढे विचारावे. समोरच्याला उत्तर देता आले नाही तर आपली बचत बँकेतच बरी.