संगणकाचा आवाज आणि घरचा जुना स्टिरिओ

आमच्या हैदराबाद शहराला विद्युत्-विद्येचा वारसा मोठा आहे. निजामाच्या राजवटीतील डेक्कन रेडिओ १९५० साली आकाशवाणीकडे आला. १९६७ साली येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिने संगणक तयार केले, तसेच दूरचित्रवाणी संचही. अशा या नगरीतील पुष्कळ घरांत मात्र एक विसंगती दिसते. टेबलावरील संगणकाच्या चिमुकल्या स्पीकरमधून नाट्यगीत कसेबसे ऐकू येते, आणि मागच्या पिढीने हौसेने घेतलेला स्टिरिओ माळ्यावर भंगारवाल्याची वाट पाहत असतो. या दोघांची गाठ घालून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक तत्त्व ध्यानात घ्यावयास हवे. संगणकात गाणे आकड्यांच्या रूपाने साठविलेले असते. सीडीच्या पद्धतीत ध्वनिलहरीचे दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतलेले असते. संगणकातील एक भाग या आकड्यांचे पुन्हा विद्युत्-लहरीत रूपांतर करतो. ही लहर हेडफोन चालवू शकते. परंतु मोठ्या स्पीकरचा पडदा हलविण्याइतके बळ तिच्यात नसते. ते बळ अँप्लिफायर पुरवितो. संगणक निरोप सांगतो, ओझे अँप्लिफायर उचलतो. म्हणून संगणकाची तार स्पीकरला नव्हे, तर अँप्लिफायरला जोडावयाची असते.

त्यासाठी लागणाऱ्या तारेच्या एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन असते व दुसऱ्या टोकाला दोन पिना असतात. त्यांपैकी तांबडी उजव्या बाजूची व पांढरी डाव्या बाजूची. कोठीच्या गुजराती गल्लीत अशी तार सहज मिळते. अँप्लिफायरच्या पाठीमागे ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ असे लिहिलेल्या जागी या दोन पिना बसवाव्यात. ‘फोनो’ या जागी मात्र त्या लावू नयेत. ती जागा तबकडीच्या अतिक्षीण लहरीसाठी असते. तेथे संगणकाची लहर दिल्यास आवाज फाटतो. जोडणी करताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. अँप्लिफायर सर्वांत शेवटी, आवाज अगदी कमी ठेवून सुरू करावा व बंद करताना तोच प्रथम बंद करावा.

स्पीकरच्या तारा तांबड्यास तांबडी व काळ्यास काळी अशाच जोडाव्यात. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना मारतात. याची परीक्षा कानाने होते. तबला स्पष्ट ऐकू येऊनही डग्ग्याचा घुमारा हरवला असेल, तर तारा तपासाव्यात.

कधी कधी सतत घुंऽऽ असा आवाज येतो. तेव्हा दोन्ही यंत्रे एकाच विद्युत्-फलकावर लावून पाहावीत. काही जण अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. असे कदापि करू नये. ती पिन आपल्या प्राणांची राखण करते. अँप्लिफायरचे झाकणही मुलांनी उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही आत काही काळ विद्युत्-भार साठून राहतो.

शेवटी थोडी भूमिती! दोन स्पीकर आणि ऐकणारा हे समभुज त्रिकोणाचे तीन कोनबिंदू असावेत. म्हणजे गायक मधोमध बसून गात आहे असे वाटते. कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी आमच्याप्रमाणे कोंकणी. पण ज्यांनी पै-पै साठवून तो स्टिरिओ आणला, ते वडीलधारे प्रत्येक घरी असतात किंवा त्यांची आठवण तरी असते. विद्यार्थिमित्रांनी त्रिकोणाच्या तिसऱ्या बिंदूवर त्यांची खुर्ची मांडावी आणि पहिले गाणे त्यांच्या आवडीचे लावावे.