घोरण्यावर ‘पेसमेकर’? स्लीप ॲप्नियाचं इम्प्लांट नेमकं काय करतं

आमच्या वणीत कुणी जोरात घोरत असेल तर ‘काय गाढ झोपलाय’ असंच म्हणतात. पण घोरता घोरता आवाज बंद पडत असेल आणि माणूस दचकून पुन्हा श्वास घेत असेल, तर तो ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असू शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं होतं.

होतं काय?
झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि घशातली हवेची वाट बंद होते. ऑक्सिजन घटला की मेंदू क्षणभर जागं करतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही, फक्त दिवसभर पेंग येते. तासाला ३० किंवा जास्त अडथळे म्हणजे आजार गंभीर.

पहिला उपाय सीपॅप मशीन. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवतं. उपाय चांगला आहे, पण अनेकांना मास्क लावून झोपच लागत नाही.

इम्प्लांट कसं चालतं?
- कॉलरबोनखाली त्वचेच्या आत बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र बसवतात.
- सेन्सर श्वासाची लय ओळखतो.
- त्या लयीत जीभ हलवणाऱ्या नसेला सौम्य विद्युत संकेत मिळतो आणि जीभ पुढे सरकते.
- झोपताना रिमोटने चालू, सकाळी बंद.

‘इन्स्पायर’ या यंत्राची १२६ रुग्णांवरची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तासाला होणारे अडथळे वर्षभरात २९.३ वरून ९ वर आले (मध्यक आकडे). त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली.

मग सगळ्यांनी बसवायचं का?
नाही. सीपॅप ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठीच हा पर्याय आहे. वजन फार जास्त असेल तर तो सहसा देत नाहीत. आधी औषधाने झोपवून, दुर्बिणीने घसा कसा मिटतो ते बघतात. चारही बाजूंनी मिटत असेल तर फायदा कमी. शिवाय बॅटरी साधारण ११ वर्षांनी संपते, म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

माझं मत विचाराल तर आधी स्लीप टेस्ट करा. ती आता घरीही होते. घरच्यांना मोबाइलवर घोरणं रेकॉर्ड करायला सांगा आणि ते डॉक्टरांना ऐकवा. रात्री लाइट जाते म्हणून सीपॅप नको असेल, तर इन्व्हर्टर हा ऑपरेशनपेक्षा सोपा उपाय आहे. आणि द्राक्षाच्या हंगामात रात्री पिकअप घेऊन निघणाऱ्यांनी तर ही तपासणी टाळूच नये. स्टेअरिंगवर लागलेली एक डुलकीही जीवावर बेतू शकते.