उघडे गज

पिंपरी-चिंचवडमध्ये चिखली, रुपीनगर किंवा भोसरीच्या आतल्या गल्लीतल्या एखाद्या गच्चीवर उभं राहिलं की घरोघरी कॉलमचे गज आभाळाकडे तोंड करून उभे दिसतात. कुठे त्यांच्यावर पाण्याच्या बाटल्या उपड्या घातलेल्या, कुठे गंज चढू नये म्हणून सिमेंटचं पाणी फासलेलं. नवख्याला वाटतं, काम अर्धवट सोडलंय. घरमालक सांगतो, "वरचा मजला काढायचाय." कधी? बोनस झाला की, पोराचं लग्न ठरलं की, नाहीतर फंड हातात आला की.

स्वतःच्या घराचं कौतुक सुरू झालं की अंगण आणि मोकळी हवा आधी येते. इथे ती कुठली! एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. अर्ध्या गुंठ्यात भिंतीला भिंत लागते आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच स्वयंपाकघरात ऐकू येतात. इथला फायदा वेगळाच आहे. फ्लॅट एकदम अख्खा घ्यावा लागतो, पंधरा-वीस वर्षांच्या कर्जासकट. हे घर मात्र पगाराच्या चालीनं वाढतं. आधी दोन खोल्या आणि वर पत्रा, मग स्लॅब, मग जिना, मग माडी.

ही रीत कारखान्यांबरोबर आली. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आणि टेल्को आली; पाठोपाठ सातारा, मराठवाडा, खानदेशातून माणसं आली. कामगारांच्या घरांसाठी 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघालं. त्याचे भूखंड 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळत, पण माणसं भूखंडांपेक्षा कितीतरी जास्त. उरलेल्यांनी शेतकऱ्याकडून गुंठा, अर्धा गुंठा घेतला.

पुढे चाकण वाढलं. 1999 मध्ये बजाजचा कारखाना, नंतर फोक्सवॅगन, महिंद्रा. कंत्राटी पोरांना खोल्या हव्या होत्या आणि इथल्या माड्या भरल्या. एका खोलीत तिघं-चौघं, शिफ्ट वेगवेगळ्या. एकजण बूट काढतो तेव्हा दुसरा डबा घेऊन निघतो. या भाड्याचं मोल निवृत्तीनंतर कळतं. कर्मचारी पेन्शन योजनेचं (ईपीएस-95) किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर 35 वर्षांच्या नोकरीचा हिशेब घातला तरी आकडा 7,500 च्या आसपास येतो. तीन खोल्यांचं भाडं त्याला सहज मागे टाकतं. माझ्या मते या पट्ट्यातल्या कामगाराचं खरं पेन्शन म्हणजे त्याची माडी.

शिवाय मालक स्वतः फिटर किंवा वेल्डर. जिन्याचं ग्रिल, गेट साप्ताहिक सुट्टीत घरच्या घरी होतं. बांधकामावर त्याचा डोळाही असतो, आणि तो हवाच. स्लॅब टाकला की किमान सात दिवस, हल्लीच्या राख मिसळलेल्या सिमेंटला दहा दिवस, पाणी मारत राहावं लागतं. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे टेकू सात दिवस हलवायचे नसतात, त्याहून मोठ्या गाळ्याखालचे चौदा. सेंटरिंगवाल्याला त्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते. तिथे मालकानं हटून बसायचं. आणि एक गोष्ट नंतर दुरुस्त होत नाही: वर किती मजले चढणार हे पाया खोदतानाच ठरवावं लागतं. दोन खोल्यांच्या पायावर तीन मजले चढवलेली घरं इथे आहेत, त्यांच्याजवळून जाताना मी जरा भरभर चालतो.

आता कागद. पुष्कळांच्या हाती नुसतं साठेखत, आणि सातबारावर एकाखाली एक नावांची रांग. बांधकाम अनधिकृत ठरलं की मालमत्ताकराच्या दुप्पट शास्तीकर बसे. 2023 मध्ये तो माफ झाला, पण माफीनं बांधकाम अधिकृत होत नाही. त्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनं तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला. कागद चोख असेल तर वाट बरीच सोपी आहे. 2020 च्या एकत्रित नियमावलीनुसार 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक आर्किटेक्टचा नकाशा देऊन शुल्क भरलं की काम सुरू करता येतं.

या शहरात लाल रंगाचे दोन अर्थ आहेत, जागा घेणाऱ्याची तिथे गल्लत होते. एक नदीची लाल पूररेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दुसरा देहूरोडच्या लष्करी डेपोभोवतीचा रेड झोन. नदीची निळी रेषा लाल पूररेषेहून आत, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत घर बांधता येत नाही. चिखलीत इंद्रायणीकाठी त्या रेषेत बांधलेले 36 बंगले 17 मे 2025 ला पाडले गेले. जेसीबीपुढे उभं राहून सामान बाहेर काढणाऱ्यांत आयुष्यभराची बचत तिथे घातलेली माणसं होती. त्यांचे स्लॅब किती दिवस भिजवले होते, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.