पाहुणा, रहिवासी, नागरिक

सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेची सुरुवात आजही एका जपानी बौद्ध मंत्राने होते. जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी 1933 साली वर्ध्यात गांधीजींना भेटले आणि पुढे त्यांच्या पंथाचे भिक्षू आश्रमात राहू लागले. डिसेंबर 1941 मध्ये जपान महायुद्धात उतरला, तेव्हा पोलीस आश्रमातल्या जपानी भिक्षूला घेऊन गेले. कालपर्यंतचा आश्रमवासी एका दिवसात शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला होता.

मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड. त्या ब्रिटिश नौदलातल्या अ‍ॅडमिरलच्या कन्या. 1925 साली त्या भारतात आल्या आणि 1936 मध्ये, गांधीजींच्याही आधी, शेगावात म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला गेल्या. तुरुंग त्यांनाही चुकला नाही, पण तो राजकीय कैदी म्हणून. ब्रिटिश प्रजाजन तेव्हाच्या कायद्याने इथे परके नव्हतेच. गाव एक, प्रार्थना एक, सूतकताई एक; सरकारदरबारी ओळख मात्र निराळी. माणूस कुठे राहतो यापेक्षा तो कोणत्या नात्याने राहतो, हे कायदा आधी बघतो. परदेशी वकिलातींतले अधिकारी आणि त्यांची कुटुंबे यांच्या बाबतीत तर हे फारच ठळकपणे दिसते.

पाच वर्षांचा वास

26 जानेवारी 1950 रोजी घटना अमलात आली. तिच्या पाचव्या कलमाने भारतात कायम वास्तव्याचा इरादा असलेल्या आणि आधीची किमान पाच वर्षे इथे राहिलेल्या माणसाला नागरिकत्व दिले. जन्म कुठला, आईबाप कुठले, हे त्या एका तरतुदीपुरते गौण होते. सेवाग्रामात नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचे काम केलेल्या मार्जोरी साइक्स मूळच्या यॉर्कशायरच्या. पुढे त्या भारतीय नागरिक झाल्या. मीराबेन मात्र 1959 मध्ये भारत सोडून गेल्या आणि अखेर ऑस्ट्रियात स्थायिक झाल्या. भारत सरकारने त्यांना 1981 साली पद्मविभूषण जाहीर केले.

आज परदेशी माणसाला देशीकरणाने नागरिकत्व हवे असेल, तर अर्जाआधीचे सलग 12 महिने आणि त्यापूर्वीच्या 14 वर्षांपैकी किमान 11 वर्षे भारतात काढलेली असावी लागतात. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो.

वकिलातीतला पाळणा

1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेले जवळजवळ प्रत्येक मूल जन्मानेच भारतीय ठरत असे. त्याला एक ठळक अपवाद होता: परदेशी राजदूताला मिळते तसे कायदेशीर संरक्षण असलेल्या वडिलांचे मूल. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि या अपवादात आईचाही समावेश झाला. अशा अधिकाऱ्याची बदली दिल्लीत झाली आणि बाळ तिथल्या रुग्णालयात जन्मले, तरी ते भारतीय होत नाही.

या संरक्षणाचा आजचा आधार 1961 चा व्हिएन्ना करार आहे. भारताने तो 1965 मध्ये स्वीकारला आणि 1972 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. राजनैतिक अधिकाऱ्याला यजमान देशात अटक होत नाही, फौजदारी खटलाही चालत नाही. त्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनाही हे कवच मिळते, पण ते यजमान देशाचे नागरिक नसतील तरच. संरक्षण आणि नागरिकत्व दोन्ही एकाच देशाकडून मिळत नाही, असा हा व्यवहार आहे.

एका बदलीचा फरक

वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्यांसाठी 1963 चा वेगळा करार आहे. त्यातले संरक्षण प्रामुख्याने कचेरीच्या कामापुरते असते. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, तेव्हा मराठी घराघरांत हा फरक चर्चेला आला. घरकामाच्या बाईच्या व्हिसाच्या कागदपत्रांत खोटी माहिती दिल्याचा त्यांच्यावर आरोप होता. भारताने त्यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कचेरीत केली. जानेवारी 2014 मध्ये त्यांना पूर्ण संरक्षण मिळाले आणि त्या मायदेशी परतल्या. आरोपपत्र दाखल झाले त्या दिवशी त्यांना संरक्षण होते, या मुद्द्यावर 12 मार्चला न्यायालयाने ते रद्द केले. दोनच दिवसांनी नवे आरोपपत्र आले. माणूस तोच, शहर तेच. बदलला तो फक्त दर्जा.

मुलांच्या बाबतीतही हाच फरक आड येतो. अमेरिकेत राजदूतावासातल्या राजनैतिक अधिकाऱ्याचे मूल जन्माने अमेरिकन होत नाही, पण वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याचे सहसा होते. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षभरात भारतीय कचेरीत करावी लागते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. मूल दोन्ही देशांचे नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. नाहीतर भारतीयत्व जाते.

वर्ध्यातली आजची नोंद

महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येतात. 180 दिवसांहून जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असला, की आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावी लागते आणि जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने 1939 आणि 1946 चे जुने कायदे मोडीत काढले, पण परदेशी माणसाची नोंद ठेवण्याचे तत्त्व तेच राहिले. एखादा राजदूत सेवाग्रामातली गांधीजींची बापूकुटी बघायला आला, तर त्याला या रांगेत उभे राहावे लागत नाही.

वर्ध्याची एखादी मुलगी उद्या परराष्ट्र सेवेत गेली, तर तिच्या हाती मरून रंगाचा राजनैतिक पासपोर्ट येईल. घरच्यांना त्याचे अप्रूप वाटेल, आणि ते साहजिकच आहे. पण तिच्या मुलाचे नागरिकत्व त्या रंगावरून ठरणार नाही. नेमणूक राजदूतावासात आहे की वाणिज्य दूतावासात, यजमान देश तिची नोंद कोणत्या यादीत करतो आणि नवऱ्याचे नागरिकत्व कोणते, हे तीन प्रश्न बाळंतपणाच्या तयारीआधी विचारून घेतलेले बरे.