बत्तीस बोअरची हौस

अण्णांनी लोखंडी कपाट उघडले. वरच्या कप्प्यात वहिनींच्या पाटल्यांचा डबा, खालच्या कप्प्यात खरेदीखते आणि सातबाऱ्यांची पिशवी, आणि दोन्हींच्या मध्ये जुन्या पंचात गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर. नेवासा तालुक्यातली वस्ती, चहूकडे ऊस, दुपारची वेळ, लाइट गेलेली.

माझ्या हातात देण्याआधी त्यांनी ते मोडले. खरोखरच मोडले. अंगठ्याने खिटी दाबली, तशी नळी बिजागरीवर खाली वाकली, गोल चक्कर वर आले आणि मधली चांदणी टुणकन उचलली गेली. तिचे काम झालेली काडतुसे बाहेर फेकायचे. आत काहीच नव्हते. सहाही भोकांतून त्यांनी खिडकीकडे बघितले, मग मला बघायला लावले, आणि मगच हातात दिले. पाऊण किलोच्या आसपास वजन. थंडगार. शिवणयंत्राच्या तेलाचा वास.

"किती वेळा वाजवलंत?"

"पाच."

"किती वर्षांत?"

"अकरा."

कसे वाटते, असे विचारल्यावर अण्णा जरा गप्प झाले. पंचाची घडी घालत म्हणाले, "आवडायला पाहिजे होतं हो. एवढा खर्च केला."

हे वाक्य मी थोड्याफार फरकाने निदान चार परवानाधारकांच्या तोंडून ऐकले आहे. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण बोलताना तोंडात नगरच येते) कंबरेला बत्तीस बोअर असणे ही एक पायरी आहे. आधी ट्रॅक्टर, मग बंगला, मग चारचाकी, मग परवाना. पंपवाले, ठेकेदार, जमिनीचे व्यवहार करणारे, कुठल्याशा सोसायटीचे पदाधिकारी, निवृत्त फौजी असे सगळे रांगेत असतात. अर्जात कारण लिहावे लागते: रोख रकमेची ने-आण, जमिनीचा वाद, वस्ती एकाकी. अलीकडे उसातल्या बिबट्याचेही नाव निघते. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि बत्तीस बोअरने त्याच्या वाटेला जाणे हा शहाणपणा नव्हे, या दोन्ही गोष्टी अर्जदाराला ठाऊक असतात.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलिसांकडे. ठाण्यातून अहवाल वर जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारणा होते, दाखल गुन्हे तपासले जातात. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर शस्त्र हाताळायचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. परवान्याला देशभरच्या नोंदीतला एक क्रमांक मिळतो. काडतुसे एका वेळी किती आणि वर्षाला किती, तो आकडाही ठरलेला. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि एका माणसाजवळची शस्त्रे तीनवरून दोनावर आणली. एवढे सगळे पार पाडेपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. या काळात माणूस त्या वस्तूच्या प्रेमात पडलेला असतो, वस्तू न बघताच. ठरलेल्या लग्नासारखे.

मग ती घरी येते.

काडतुसाचे पूर्ण नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. नाव बत्तीसचे, पण गोळीची जाडी आठ मिलिमीटरच्या किंचित आत. वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर. हिशेब मांडला तर नळीतून सुटताना गोळीच्या अंगात दीडशे जूलच्या आगेमागे जोर असतो. पोलिसांच्या आणि लष्कराच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाचा आकडा पाचशेच्या घरात जातो. बत्तीसने माणूस मरतो, याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. पण ज्याने सिनेमात पिस्तूल पाहिलेले असते आणि नातेवाइकाच्या तोंडून लष्करातल्या गोष्टी ऐकलेल्या असतात, त्याला पहिल्या बाराला जो आवाज येतो तो दिवाळीतला वाटतो. परदेशात हे काडतूस आज मुख्यतः नेमबाजीच्या खेळात दिसते. पंचवीस मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर ते फार गुणी, कारण धक्का कमी. पण खेळाडूच्या पिस्तुलाला लांब नळी, बारीक जुळवता येणारी माशी आणि लोण्यासारखा चाप असतो. इथे नळी तीन इंचांची, माशी नावापुरती, आणि घोडा न चढवता नुसता चाप ओढायचा म्हटले तर एका बोटाने भरली कळशी उचलल्यासारखे होते. बोट ओढते तेव्हा मनगट हलते आणि मनगट हलले की दहा पावलांवरचे पत्र्याचे डबडे जागच्या जागी उभे राहते.

मग हीच जात का घ्यायची? कारण दुसरी सहजासहजी मिळत नाही. ९ मिलिमीटर सामान्य नागरिकाला बंद, ती प्रतिबंधित बोअर. बाहेरून आणावे म्हटले तर ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारने नागरिकांसाठी शस्त्रांची आयात थांबवली. त्याआधी जे देशात आले तेवढेच, तेच या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरते. आजोबांच्या काळातले विलायती पिस्तूल नव्या देशी रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट किमतीला जाते, आणि घेणारा वर उपकार मानतो. बाजारात अशा वस्तू फार थोड्या, की ज्या झिजत जातात तशा महाग होतात.

राहिले सरकारी कारखाने. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने ब्रिटिशांच्या वेब्ली मार्क ४ ची घडण उचलली. मूळ वेब्ली .३८ ची, पहिल्या महायुद्धानंतरची. तिला कानपूरने .३२ चे चक्कर बसवले आणि तीच घडण दशकानुदशके चालवली. अण्णांनी माझ्यासमोर मोडून दाखवली ती हीच जात, मधून वाकणारी. भरायला झटपट, दिसायला रुबाबदार, पण सांगाडा बिजागरीवर तोललेला. दणकट काडतुसाचा दाब अशा सांध्याला मानवत नाही, म्हणून काडतूसही सौम्य.

यातली गंमत मला बऱ्याच उशिरा कळली. .३२ लाँग हे काडतूस अमेरिकेत १८९६ साली निघाले ते स्मिथ अँड वेसनच्या एका नव्या रिव्हॉल्व्हरसाठी, आणि त्या रिव्हॉल्व्हरचे वैशिष्ट्यच हे की ते मधून मोडत नव्हते. त्याचे चक्कर दाराच्या फळीसारखे बाजूला उघडत होते. पुढे जगभर तीच पद्धत रूढ झाली. आपल्या सरकारी कारखान्याने बाजूला उघडणारे बत्तीसचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले ते ऑगस्ट २०२३ मध्ये. नाव 'प्रबल'. म्हणजे काडतूस आले आणि त्याचे मूळ घर यायला सव्वाशे वर्षे लागली. दरम्यान २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात तुकडे झाले आणि कानपूरचे शस्त्रांचे कारखाने एका कंपनीखाली गेले. त्याच्या आदल्या वर्षी खुद्द वेब्ली अँड स्कॉटने उत्तर प्रदेशातल्या संडील्याला भारतीय भागीदाराबरोबर रिव्हॉल्व्हर बनवायचे जाहीर केले होते. बोअर अर्थातच बत्तीस. मूळ गायक परत आला तो आपल्याच जुन्या गाण्याची फर्माईश घ्यायला.

नावे मात्र दणदणीत. बंगालमधल्या आयुध कारखान्यातल्या .३२ पिस्तुलाचे नाव 'अशनी'. संस्कृतात वज्र. मराठी माणसाला हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून माहीत, आकाशातून पडणारा दगड, लोणारचे सरोवर ज्याने झाले तो. पावणेदोनशे जूलच्या आतबाहेरच्या वस्तूला हे नाव देणाऱ्याची विनोदबुद्धी मोठी असली पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' आणले. दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीने नाव ठेवलेले, बायकांच्या पर्समध्ये मावेल असे, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन अर्धा किलो, किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर. दागिन्यांच्या मखमली पेटीत ठेवून दिले जायचे. ज्या बाईला रात्री एसटी स्टँडवरून घरी चालत जायचे असते तिच्याजवळ सव्वा लाख असते तर ती चालत कशाला जाती, हे तेव्हाही अनेकांनी विचारले होते. मला ती पेटी मात्र खरी वाटते. आपल्याकडे हे रिव्हॉल्व्हर हत्यारापेक्षा दागिन्याच्या वर्गातच मोडते, अण्णांच्या कपाटातही ते पाटल्यांच्या शेजारीच होते.

काडतुसे तर महाराष्ट्रातलीच. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (तो १८६९ चा) बत्तीसची काडतुसेही निघतात. नगरहून सव्वाशे किलोमीटरवर.

आणि नगरला आवाजाचे अप्रूप नाही. इथे आर्मर्ड कोअरचे केंद्र आणि शाळा, इथेच यांत्रिकी पायदळाचे केंद्र, इथे रणगाड्यांचे संग्रहालय, वाहनांची चाचणी घेणारी संरक्षण संशोधन संस्था. खारे कर्जुने गावाच्या आद्याक्षरांवरून ज्याला के. के. रेंज म्हणतात तिथे तोफा वाजल्या की आसपासच्या गावांत फडताळातली भांडी किणकिणतात आणि म्हातारी माणसे मान वर न करता सांगतात, "रेंजवर चाललंय." अशा गावात वाढलेल्या माणसाच्या वाट्याला दीडशे जूल येतात, त्याचा हिरमोड समजू शकतो.

त्याहून जुनी गोष्ट सांगायची तर विजापूरची मुलूखमैदान तोफ नगरची लेक आहे. निजामशाहीत, १५४९ साली, मुहम्मद बिन हुसेन रुमी याने ती इथे ओतली. पंचावन्न टन वजन, तोंड असे की माणूस आत बसावा. परांड्याहून १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. ती डागल्यावर गोलंदाज कान वाचवायला पाण्याच्या हौदात उडी घ्यायचा, असे सांगतात. १८५४ साली इंग्रजांनी ती लिलावात काढली तेव्हा बोली आली दीडशे रुपये. लिलाव रद्द झाला म्हणून ती आज बुरुजावर आहे. मालकाची निराशा झाली असेल तर किमतीवरून झाली असेल, आवाजावरून खास नाही.

लहान हत्याराने ऐन वेळी दगा दिल्याची आठवण मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. २२ जुलै १९३१, फर्ग्युसन कॉलेजचे वाचनालय. वासुदेव बळवंत गोगट्यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी समोरून गोळी झाडली. छातीवरच्या खिशाशी धातूच्या बटणावर ती अडली म्हणतात. हॉटसन वाचला, गोगटे तुरुंगात गेले आणि पुढे आयुष्यभर हॉटसन-गोगटे या नावाने ओळखले गेले. दोन माणसांचे एक नाव झाले, ते एका बटणामुळे.

परवान्याच्या रांगेत न थांबणाऱ्यांची सोय वेगळी आहे. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीहून येणारे गावठी कट्टे. नगरच्या वर्तमानपत्रात आठवड्याआड बातमी असते, कट्टा आणि जिवंत काडतुसे जप्त. काडतुसाला जिवंत म्हणणारी आपली भाषा. हे कट्टे कधी चालवणाऱ्याच्याच हातात फुटतात. त्यांच्याशी तुलना केली की परवानाधारकाला आपले बत्तीस एकदम गुणी वाटू लागते, पण ती तुलना तो कुणासमोर करत नाही.

बत्तीस खरे कामाला येते ते दिसण्यासाठी. लग्नात सफारीच्या आतून मूठ जरा डोकावली की खुर्ची पुढच्या रांगेत मिळते. पूर्वी वरातीत बारही निघायचे. २०१९ च्या दुरुस्तीने हर्षभराचा गोळीबार हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा लाखभर दंडाचा गुन्हा केला, तेव्हापासून मूठच दाखवून भागवतात. फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला ठेवणारे अजून सापडतात, आणि पोलिसही तिथेच सापडतात. शेजारच्या बीडमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाल्यावर जिल्ह्यातल्या परवान्यांचा आकडा बाहेर आला, तो बाराशेच्या वर होता. मग छाननी झाली, अनेकांचे परवाने गेले. त्या आठवड्यांत आमच्या पाथर्डी-शेवगावकडच्या पुष्कळ कंबरा एकदम मोकळ्या दिसू लागल्या.

आणि निवडणुका. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पालिका. आचारसंहिता लागली की समिती यादी बघते आणि निरोप येतो: शस्त्र ठाण्यात जमा करा. पावती घ्यायची, खोक्याला चिठ्ठी लावायची, निकाल लागला की परत आणायचे. गावात भांडणे पेटायचा हाच हंगाम, म्हणजे संरक्षणासाठी घेतलेली वस्तू नेमक्या धोक्याच्या दिवसांत सरकारच्या संरक्षणात असते. अण्णांचा यावर राग नाही. "तेवढे दिवस कपाटाची चिंता नसते," म्हणाले.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. पंचातले रिव्हॉल्व्हर त्यांनी दोन बोटांनी बाजूला सरकवले आणि मागचा पाटल्यांचा डबा ओढून घेतला. संध्याकाळी सोनईला लग्न होते.

"तुम्ही घेऊन जाणार का हे?" मी अण्णांना विचारले.

"नाही हो. बसलं की कंबरेत टोचतं."