झडीच्या दिवसांत वाचलेली चार पुस्तके



आमच्या गावच्या वाचनालयाच्या बैठकीत यंदा पुस्तकखरेदीवरून चांगलीच खडाजंगी झाली. एकजण म्हणाले, "रहस्यकथांनी पोरे बिघडतात." दुसरे म्हणाले, "चित्रांच्या पुस्तकांत मजकूर चार ओळींचा आणि किंमत केवढी! पैसे पाण्यात." मीही समितीवर आहे. न वाचता मत देणे बरे नव्हे, म्हणून पेरणी उरकल्यावर झड लागली तेव्हा चार पुस्तके वाचली. जे खरे वाटले ते सांगतो. पटले तर घ्या.

पहिले पुस्तक बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटू कथांचे. बाबुरावांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वेग असा, की ताटातली भाकरी निवते, पण पुस्तक खाली ठेववत नाही. दोषही सांगतो. लागोपाठ तीन कथा वाचल्या की पुढचे धागे ओळखू येतात, आणि नेमक्या वेळी नेमका योगायोग धावून येतो. पण माझा पुतण्या नववीत शाळा सोडल्यापासून पुस्तकाला शिवला नव्हता. तो हे दोन रात्रींत संपवून "काका, दुसरं आहे का?" म्हणाला. पोर बिघडले नाही. अडखळत वाचायचे, ते सरळ वाचू लागले.

दुसरी, आर्थर कॉनन डॉइल यांची बास्करव्हिल घराण्याच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी. मूळ इंग्रजी पुस्तक १९०२ सालचे. मराठीत अनुवाद झालेले आहेत. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर ही कथा घडते. धुके आणि जनावर गिळणारी दलदल यांचे वर्णन असे, की रात्री पाणी द्यायला एकटे जाणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. रहस्य मी फोडत नाही. मात्र शेवटी कुत्र्याबद्दल जो उलगडा होतो, तो कुत्रा पाळणाऱ्याला पटणार नाही. वाचून झाल्यावर आपल्या दारच्या मोत्याकडे नीट पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

तिसरे, एरिक कार्ल यांचे खादाड अळीचे इंग्रजी चित्रपुस्तक, १९६९ चे. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असे वाढत शुक्रवारी पाच संत्री. अळीने खाल्ले तिथे पानाला खरेच भोक! चिमुरडी त्यात बोट घालतात आणि वार व आकडे आपोआप शिकतात. इंग्रजी येत नसले तरी गोष्ट आपल्या बोलीत सांगता येते. पण शेतकऱ्याच्या घरात एक गोष्ट खटकते. ही अळी फळे, केक सगळे खाते आणि तिचे फुलपाखरू होते. आपल्या लिंबाच्या झाडावर पाहा. पाखराच्या शिटेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवी होणारी अळी लिंबाच्या जातीच्या झाडांचा पालाच खाते. तेव्हा पुस्तक दाखवा आणि उघडीप मिळताच पोराला झाडाखाली न्या. चूक सापडली की पोरे अधिकच खुलतात.

चौथे, माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन'. चित्रे पाहायची आणि गोष्ट आपणच जुळवायची. मला आधी वाटले, यात वाचायचे काय? एका दुपारी ओसरीवर नातीने ते माझ्या आईपुढे उघडले. आई शाळेत गेलेली नाही. पुस्तक दिसले की "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून उठून जायची. त्या दिवशी उठली नाही. चित्रातल्या माणसांना नावे ठेवून त्यांची बोलणी लावू लागली. नात म्हणाली, "आजी, अगं तू वाचतेस!" आई हसली आणि पान उलटले.

वाचकहो, माझे मत तिथेच ठरले. पुढल्या बैठकीत मी दोन रहस्यकथा आणि दोन चित्रपुस्तके मागणार आहे. शेतीची, औषधाची पुस्तके हवीतच. पण वाचनालय गावाचे म्हणतो, तर नववीत शाळा सुटलेला पोरगा आणि अक्षरओळख नसलेली म्हातारी यांच्यासाठीही फळीवर काही असले पाहिजे. तुमच्या वाचनालयात तसे आहे का? एकदा जाऊन पाहा, आणि नसेल तर मागा.