दूध सोसायटीतला टीव्ही अन् साहेबांचा जबाब

गावचा अर्ज बारनिशीत गेला की पुढे त्याचे काय होते, हे आपल्या शेतकरी बांधवांना सांगायला नको. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी मात्र १९७५ साली निराळाच प्रयोग झाला. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने तिथे अवघ्या १ किलोवॉटचे टीव्ही प्रक्षेपण केंद्र उभारले. तेही फक्त जिल्ह्यापुरते. गावोगावचे संच ठेवले दूध सोसायट्यांत. संध्याकाळी मंडळी तिथेच जमायची.

‘चतुर मोटा’ मालिकेत हुंडा, विधवाविवाह असे विषय आले. पण खरी गंमत ‘दाद-फरियाद’ची! गावकऱ्यांनी गाऱ्हाणे मांडायचे आणि त्या खात्याच्या साहेबांनी उत्तर द्यायचे, तेही साऱ्या जिल्ह्यादेखत. अशा वेळी ‘बघतो, करतो’ म्हणून कसे भागणार?

१९८४ साली युनेस्कोने या कामाला ग्रामीण संज्ञापनाचे पारितोषिक दिले. तोवर दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम घरोघर पोचू लागला होता. १९९० पर्यंत पीजचा प्रयोग आटोपला.

२०१५ साली दिल्लीहून शेतकऱ्यांसाठी ‘डीडी किसान’ वाहिनी सुरू झाली. चांगलेच झाले. पण अमक्या वाडीचा हातपंप का बंद, हे ती कोणत्या साहेबाला विचारणार?